नोबेलवाल्याची स्लाइड आणि सव्वा लाखाची नर्सरी

पत्र:

ताई, आम्ही डोंबिवलीला राहतो. मी आणि नवरा दोघंही नोकरीला, मुलगा जूनमध्ये तीन पूर्ण होईल, दिवसभर सासूबाईंकडे असतो. जवळच एक नवीन प्रीस्कूल निघालंय, फी वर्षाला सव्वा लाख. ओरिएंटेशनला त्यांनी स्लाइड दाखवली की नोबेल मिळालेल्या अर्थतज्ज्ञाने सिद्ध केलंय, लहानपणीच्या शिक्षणावर एक डॉलर घातला की सात परत येतात, आणि पाचव्या वर्षापर्यंत मेंदूची ९० टक्के वाढ होऊन गेलेली असते. मी घाबरलेच. नवऱ्याने त्याच रात्री मोबाइलवर शोधून दाखवलं की अमेरिकेतच एका राज्यात प्रीस्कूलला गेलेली मुलं सहावीत मागे पडली. सासूबाई म्हणतात मागच्या गल्लीतल्या बालवाडीत घाला, महिना बाराशे, बाई चांगल्या आहेत. सव्वा लाखासाठी एफडी मोडावी लागेल आणि ३१ मार्चच्या आत दहा हजार भरून सीट धरायचीय. खरं कोणाचं मानू?
— गोंधळलेली आई

उत्तर:

आधी उत्तर देऊन टाकते म्हणजे पुढचं शांतपणे वाचशील. एफडी मोडू नकोस. बालवाडी एकदा स्वतः जाऊन बघ आणि ठीक वाटली तर तिथेच घाल. आता का ते सांगते, जरा लांबेल, कारण तुझ्या नवऱ्याने वाचलं ते खोटं नाही आणि शाळेने दाखवलं तेही सगळंच खोटं नाही, फक्त ते तुमच्या घराबद्दल नाहीये.

स्लाइडवरचे गृहस्थ म्हणजे जेम्स हेकमन, शिकागोचे. त्यांना नोबेल २००० साली मिळालं पण ते बालवाडीसाठी नाही हं. ते मिळालं आकडेशास्त्रातल्या एका कटकटीवर उपाय काढल्याबद्दल, की जी माणसं आपणहून एखाद्या गोष्टीत शिरतात आणि जी शिरत नाहीत त्यांची सरळसरळ तुलना केली तर आपण फसतो, मग ते फसणं टाळायचं कसं. म्हणजे "आमच्या नर्सरीतली मुलं बघा पुढे कुठल्या कुठे गेली" हे जे प्रत्येक शाळा सांगते ना, ते ऐकून सगळ्यात आधी भुवया उंचावणारा माणूस हाच, आणि नेमकं त्याचंच नाव स्लाइडवर. सव्वा लाख भरणाऱ्या घरातली मुलं पुढे बरी निघतात यात नर्सरीचं काम किती आणि घराचं किती, हे वेगळं काढल्याशिवाय त्या वाक्याला काही अर्थ नाही.

हे वेगळं काढायचा सगळ्यात साधा मार्ग म्हणजे कोणाला प्रीस्कूल आणि कोणाला नाही हे चिठ्ठ्या टाकून ठरवणे, म्हणजे दोन्ही गटांतली घरं साधारण सारखीच निघतात. आणि तसा प्रयोग खरंच झालाय, सगळ्या स्लाइडा शेवटी तिथेच जाऊन पोचतात. मिशिगन राज्यातलं इप्सिलांटी नावाचं गाव, १९६२ ते ६७, पेरी नावाची शाळा. गरीब कृष्णवर्णीय घरांतली १२३ मुलं घेतली, तीही अशी की ज्यांचा आयक्यू ७० ते ८५ च्या आसपास आला होता आणि जी पुढे शाळेत अडखळणार अशीच सगळ्यांना खात्री होती. त्यातली ५८ प्रीस्कूलमध्ये आणि ६५ नाही. ही ६५ म्हणजे काय, त्यांना त्या काळात दुसरं जवळजवळ काहीच नव्हतं. प्रीस्कूल रोज सकाळी अडीच तास, पाच-सहा मुलांमागे एक शिक्षिका, तीही पूर्ण शिकलेली, आणि शिवाय आठवड्यातून एकदा ती शिक्षिका घरी जाऊन आईबरोबर आणि मुलाबरोबर दीड तास बसायची. हे घरी जाणं कुठल्याही ब्रोशरमध्ये येत नाही बघ.

मग काय झालं? आयक्यू आधी धडाधड वाढला आणि दुसरी-तिसरीपर्यंत तो फरक जवळजवळ विरून गेला. त्या वेळी कोणी हिशोब बंद केला असता तर "पैसे वाया" असाच निकाल लागला असता. पण त्या लोकांनी चिकाटी धरली, मुलांचा माग काढत राहिले, २७ व्या वर्षी, ४० व्या वर्षी, पन्नाशीतही. चाळिशीत वर्षाला २०,००० डॉलरच्या वर कमावणारी माणसं प्रीस्कूलवाल्यांत ६० टक्के आणि दुसऱ्या गटात ४० टक्के. पाच किंवा जास्त वेळा अटक झालेले इकडे ३६ टक्के, तिकडे ५५ टक्के. १२३ माणसं म्हणजे तुमच्या सोसायटीच्या दोन विंगसुद्धा नाहीत, त्यात चार जण इकडचे तिकडे झाले की टक्के हलतात हे खरं, आणि काही मुलांचे गट चिठ्ठीनंतर बदललेही होते कारण आया कामाला जायच्या आणि घरभेटीला सापडायच्या नाहीत. तरी हेकमननी हे सगळं धरून पुन्हा कडक हिशोब केला आणि फायदा टिकला. म्हणजे प्रयोग खरा आहे, मी त्याची चेष्टा करत नाहीये.

आता ते सात डॉलर. तो आकडा हेकमनचा नाहीच, मुलं २७ ची झाली तेव्हा प्रयोगवाल्यांनी मांडलेला तो हिशोब, ४० व्या वर्षी तोच सतरा डॉलरपर्यंत गेला. हेकमनचा आकडा वर्षाला ७ ते १० टक्के परतावा असा आहे. कुठेतरी कोणीतरी दोन सातांची खिचडी केली आणि ती पॉवरपॉइंटमध्ये जाऊन बसली. पण खरी मजा पुढे आहे. हे डॉलर आले कुठून? सगळ्यात मोठा वाटा गुन्हे कमी झाल्याचा, म्हणजे पोलीस, कोर्ट, तुरुंग आणि ज्यांच्या घरी चोरी झाली असती त्यांचं नुकसान, हे सगळं वाचलं. तो परतावा समाजाला मिळाला, आईबापांच्या खात्यात नाही. आता मला सांग, नर्सरीत नाही घातलं तर तुझा मुलगा चाळिशीपर्यंत पाच वेळा आत जाणार होता का? नाही ना, मग ते वाचलेले डॉलर तुझ्या हिशोबात कुठून येणार? सव्वा लाखाच्या बदल्यात जो परतावा तुला दाखवला तो दुसऱ्याच घरांतल्या, दुसऱ्याच काळातल्या मुलांचा आहे.

म्हणून या विषयावरचा कुठलाही अभ्यास हातात आला की मी एकच प्रश्न आधी विचारते, कशाच्या तुलनेत? जे मूल प्रीस्कूलला गेलं नाही ते त्या वेळात कुठे होतं आणि कोणाबरोबर? हा प्रश्न धरलास की तुझ्या घरातली तिन्ही मतं आपापल्या जागी बसतात.

नवऱ्याने वाचलं ते टेनेसी राज्याचं. सरकारी प्री-के, म्हणजे केजीच्या आधीचा वर्ग, मागणी जास्त आणि जागा कमी, म्हणून चिठ्ठ्या. २,९९० गरीब घरांतली मुलं अभ्यासात होती. पहिल्या वर्षी प्रीस्कूलवाली पुढे, तिसरीपर्यंत फरक गेला आणि २०२२ च्या सुरुवातीला सहावीचे निकाल आले तेव्हा प्रीस्कूलवाली चक्क मागे, परीक्षेत मागे, शिस्तीच्या तक्रारी जास्त. अभ्यास करणारेही हबकले. इथे न गेलेल्या मुलांतली बरीच घरी होती, काही दुसऱ्या सेंटरला. आणि ते वर्ग कसे होते त्याबद्दल खुद्द त्या टीममधल्या डेल फॅरन बाईंची तक्रार अशी की सगळ्यांना एकत्र बसवून शिकवणं, रांगेत उभं राहणं, गप्प बसवणं यातच फार वेळ जातो. पेरीमध्ये पाच-सहा मुलांमागे एक बाई होती, लक्षात आहे ना? नाव दोन्हीकडे प्रीस्कूल, आतला माल वेगळा.

पण नवऱ्याला एवढ्यावर जिंकू देऊ नकोस. त्याला बॉस्टनचं सांग. तिथेही १९९७ ते २००३ मध्ये चिठ्ठ्या टाकूनच प्रवेश होते, ४,००० च्या वर मुलं, नंतर त्यांची थेट कॉलेजपर्यंतची नोंद तपासली. शाळेच्या परीक्षांत काहीच फरक नाही, शून्य म्हटलं तरी चालेल. आणि तरी हायस्कूलनंतर लगेच कॉलेजला जाणाऱ्यांचं प्रमाण प्रीस्कूलवाल्यांत आठ टक्क्यांनी जास्त (म्हणजे शंभरात आठ मुलं जास्त), शाळेतून सस्पेंड होणं कमी. म्हणजे पेरीसारखंच, मार्कांत दिसलं नाही ते आयुष्यात दिसलं. का, याचं नक्की उत्तर कोणाकडे नाही, बहुतेक जण म्हणतात की बसायची सवय, राग आवरणं, शाळा आपली वाटणं असलं काहीतरी मागे उरत असावं जे परीक्षेत मोजलंच जात नाही. मला हे पटतं, पण पटणं म्हणजे पुरावा नव्हे. टेनेसीच्या मुलांचं विशीत काय निघतं ते कळेपर्यंत मी तरी "प्रीस्कूलने नुकसान होतं" असं छातीठोक म्हणणार नाही.

कॅनडातल्या क्यूबेकचं प्रकरण मात्र तुमच्यासारख्या घराच्या सगळ्यात जवळचं आहे आणि ते कोणी स्लाइडवर टाकत नाही. १९९७ ला तिथल्या सरकारने दिवसाला पाच डॉलरमध्ये पाळणाघर सगळ्यांना खुलं केलं, गरीब-श्रीमंत सगळ्यांना. मुलांच्या आया भराभर नोकरीला लागल्या, ते चांगलंच झालं. पण मुलांमध्ये सरासरीने चिडचिड, भीती, मारामारी वाढलेली दिसली. मग कोणीतरी तोच डेटा घरांप्रमाणे वेगळा करून पाहिला तर ज्या घरांत फारच ओढाताण होती तिथल्या मुलांचा फायदा झालेला, आणि तोटा त्यांचा ज्यांना घरी बरं मिळत होतं ते सोडून गर्दीच्या सेंटरमध्ये जावं लागलं. परत तेच, कशाच्या तुलनेत.

तुझ्या घरात तुलना कशाशी आहे? दिवसभर बोलणाऱ्या आजीशी. पत्रात तू सासूबाईंचा उल्लेख असा केलास जसा काही तो पर्यायच नाही, मूल नुसतं सांभाळायची सोय आहे. जमैकातला प्रयोग वाच म्हणजे तुझं मत बदलेल. किंग्स्टनच्या गरीब वस्त्यांत १९८६-८७ मध्ये वाढ खुंटलेली १२९ बाळं घेतली, नऊ महिने ते दोन वर्षांची. काही घरांत दोन वर्षं दर आठवड्याला आरोग्यसेविका तासभर यायची, टाकाऊ वस्तूंची खेळणी घेऊन, आणि आईला बाळाशी कसं खेळायचं, कसं बोलायचं ते करून दाखवायची. बस एवढंच. ना वर्ग, ना युनिफॉर्म, ना स्मार्टबोर्ड. २० वर्षांनी त्या मुलांची कमाई दुसऱ्या गटापेक्षा २५ टक्क्यांनी जास्त होती. एवढ्या स्वस्तात एवढा लांबचा परिणाम दाखवणारे अभ्यास फार थोडे आहेत, आणि त्यात जे दिलं ते म्हणजे मोठ्या माणसाने लहानाशी लक्ष देऊन बोलणं.

आपल्याकडे हे कोणाला माहीत नव्हतं असंही नाही. ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी १९४५ पासून बोर्डीला आणि मग कोसबाडच्या टेकडीवर हेच केलं, माँटेसरीची महागडी साधनं बाजूला ठेवून बिया, खडे, पानं, शिंपले घेऊन आदिवासी पाड्यांवर बालवाड्या चालवल्या. मूल येत नाही तर बालवाडीच त्याच्या अंगणात न्या, असा सरळ विचार. आज त्याच डहाणू भागापासून शंभरेक किलोमीटरवर सव्वा लाख घेऊन प्लास्टिकची फळं हातात देतात. असो, विषय वाढतो.

मेंदूच्या ९० टक्क्यांचं एका वाक्यात मिटवते. पाच-सहा वर्षांपर्यंत मेंदूचा आकार मोठ्या माणसाच्या जवळपास जातो हे बरोबर, पण आकार म्हणजे शिकणं नव्हे, विचार करायचा आणि स्वतःला आवरायचा भाग विशी ओलांडेपर्यंत घडत असतो. त्या स्लाइडचा उद्देश तू घाबरावीस एवढाच होता आणि तो सफल झाला.

आता भारतातलं म्हणशील तर दोन गोष्टी सांगण्यासारख्या आहेत. एक, शालेय शिक्षणाची पाहणी करणारं असर सेंटर आणि दिल्लीच्या आंबेडकर विद्यापीठाने २०११ ते २०१६ मध्ये राजस्थान, आसाम आणि आंध्र-तेलंगणातल्या जवळपास १४,००० मुलांचा चार ते आठ वर्षं वयापर्यंत माग घेतला. खाजगी नर्सऱ्यांमध्ये काय दिसलं, तर पहिलीचाच अभ्यास खाली ओढून चार वर्षांच्या मुलांना पाठ करायला लावलेला, फळ्यावरून उतरवणं, घोकणं, खेळ जवळजवळ नाहीच. पाचव्या वर्षी बरीच मुलं शाळेसाठी तयार नव्हती, अंगणवाडीतलीही नव्हती आणि खाजगीतलीही नव्हती, फी भरून तयारी विकत मिळते असं काही निघालं नाही. दुसरी गोष्ट तमिळनाडूची. तिथे ३२० अंगणवाड्या अभ्यासात घेतल्या आणि चिठ्ठ्या टाकून त्यातल्या काहींना फक्त शिकवण्यासाठी एक जादा अर्धवेळ बाई दिली. शिकवायचा वेळ दुप्पट झाला, दीड वर्षात मुलांची भाषा आणि गणित दोन्ही सुधारलं, आणि मूळच्या सेविकेला थोडी उसंत मिळाल्यामुळे कुपोषणही कमी झालं. आपल्या अंगणवाडीत एकटी सेविका शिजवणं-वाटण्यापासून वजनं, रजिस्टर, मोबाइलमधलं ॲप, लसीकरण, घरभेटी सगळं करते, मदतनीस असली तर असते, आणि वर तिच्याकडून बालशिक्षण हवं. एक जादा माणूस दिल्याने एवढा फरक पडतो हे आपल्याला कळलंय, आणि तरी चर्चा कसली होते, तर डोंबिवलीत कुठली नर्सरी घ्यावी. बालशिक्षणाच्या फायद्याचा जो काही भक्कम पुरावा आहे तो तुझ्या मुलापेक्षा तुझ्याकडे धुणंभांडी करायला येणाऱ्या बाईंच्या मुलीबद्दल जास्त बोलतो. असतील तर त्यांना विचार, पोरगी अंगणवाडीत जाते का, आणि गेली तर तिथे दोन तास काय होतं.

बरं, बालवाडी बघायला जाशील तेव्हा काय बघायचं. सांगून नको, रजा टाकून कामाच्या दिवशी सकाळी जा आणि तासभर कोपऱ्यात बस. बाई जास्त बोलतायत की मुलं, हे ऐक. रडणाऱ्या मुलाला कोणी उचलून घेतं का, की "शांत बस, शेम शेम" चाललंय. तीन वर्षांच्या पोरांच्या हातात पेन्सिल देऊन रेघा गिरवून घेत असतील तर सासूबाईंच्या शिफारशीला मान देऊनही मी नाही म्हणेन. मुलं किती आणि मोठी माणसं किती ते मोज, एका बाईमागे पंचवीस असतील तर ती बिचारी आवरण्यापलीकडे काय करणार. गोष्ट सांगतात का, कुठल्या भाषेत सांगतात, मुलगा घरी जे बोलतो त्या भाषेत का. संडास बघ, कोणी बघत नाही. आणि मग हाच तास त्या सव्वा लाखवाल्या ठिकाणीही मागून बघ. बसू देत नाहीत असं म्हणाले तर तुझं काम सोपं झालं.

एक कारण मात्र असं आहे की ज्यासाठी मी महागडी शाळासुद्धा समजून घेईन आणि ते तू पत्रात लिहिलेलं नाहीस. तुम्ही दोघं सकाळची लोकल पकडून संध्याकाळी परत येता, तीन वर्षांचं मूल आता धावतं, जिना चढतं, आणि सासूबाईंचं वय किती, गुडघे कसे आहेत, त्यांना दुपारी पडायला मिळतं का? त्या "बालवाडीत घाला" म्हणतायत त्याचा अर्थ "मला रोज तीन तास सुटका द्या" असाही असू शकतो, आणि तशा त्या तोंडाने म्हणणार नाहीत. तू विचार, नवऱ्याला विचारायला सांगू नकोस, तो विचारेल आणि त्या "छे, मला काय होतंय" म्हणतील आणि विषय संपेल. त्यांना दिवसभर झेपत नसेल तर बालवाडी अधिक दुपारचं पाळणाघर असा हिशोब मांड, तोही सव्वा लाखाच्या बराच खाली येतो. त्यातूनही तास जमत नसतील आणि त्या शाळेचं डे-केअर सातपर्यंत असेल, माणसं चांगली असतील, तर भरा पैसे, पण डोक्यात स्वच्छ असू दे की आपण तास विकत घेतोय. मेंदू नाही.

दहा हजारांचं विचारलंयस. परत मिळणार आहेत का ते लेखी माग. "नॉन-रिफंडेबल" म्हणाले तर भरू नकोस, नवीन शाळेच्या सीटा ३१ मार्चला संपत नाहीत, मे महिन्यात तेच लोक तुला डिस्काउंट सांगायला फोन करतील.